ओलसर पण उभा राहणारा चॉकलेट केक : इंजिनाच्या नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार

आधी काम काय आहे ते लिहून ठेवते. ८ मार्चला ताईच्या मुलाचा सहावा वाढदिवस, त्याला वाफेचं इंजिन हवंय, म्हणजे आडवा गोल बॉयलर, मागे चौकोनी केबिन, पुढे धुराडं, आणि हे सगळं केकचंच. माझा नेहमीचा चॉकलेट केक चवीला मस्त आहे, एकदम ओलसर, पण सुरी लावली की सुरीला चिकटतो आणि वर काही ठेवलं की दबतो. कोरून आकार देता यावा म्हणून बरेच जण मुद्दाम घट्ट, कोरडा केक करतात आणि मग पाक पाजून वेळ मारून नेतात. मला ते नकोय. मुलांनी वरचं चॉकलेट खाल्लं आणि केक ताटात तसाच ठेवला, असं होताना बघितलंय आणि ते बघून वाईट वाटतं.

आजचा बेत, नेहमीचीच कृती करायची आणि ती नक्की किती दबते ते मोजायचं. १५ सेंमीचा चौकोनी टिन. मैदा ११०, कोको ३८, साखर २००, दूध १२०, तेल ५५, गरम पाणी १२० (सगळं ग्रॅममध्ये, कपाने मोजलं तर मैदा दर वेळी वेगळा भरतो म्हणून वजनकाटाच), अंडं एक, सोडा पाऊण चमचा, बेकिंग पावडर पाऊण चमचा. १७५ डिग्री, ४५ मिनिटं.

मिश्रण अगदी ताकासारखं पातळ. केक मस्त फुगला आणि बाहेर काढल्यावर मध्ये साधारण दीड सेंमी बसला.

दबण्याची चाचणी अशी ठरवलीये : पूर्ण गार झालेल्या केकचा ४ सेंमीचा ठोकळा कापायचा, त्यावर छोटी फळी आणि फळीवर अर्धा किलोची साखरेची पिशवी, तासाभराने उंची मोजायची. केबिनचं वजन साधारण तेवढंच भरेल असा अंदाज आहे. आजचा ठोकळा ४ वरून २.६ वर आला, बाजूंना फुगलेला, आणि खालच्या थरात जाळी पार मिटून खरवसासारखी गच्च झालेली.

चव छान पण मागे जिभेवर काहीतरी साबणासारखं राहतंय. हे आधी कधी जाणवलं नव्हतं. कोकोचं पाकीट नवीन आहे, बघायला हवं.

४ फेब्रुवारी

साबणाचं कारण सापडलं. नवीन पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय की कोको अल्कलाइज्ड आहे, म्हणजे डच प्रोसेस. साधा कोको आंबट असतो, त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास, आणि डच कोकोला अल्कली लावून तो ७ च्या जवळ नेलेला असतो, त्यामुळे रंग गडद आणि चव सौम्य होते. नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन घराण्याची ही पद्धत, १८२८ मध्ये कोकोतलं बटर दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं तेच हे, म्हणून नाव डच. सोड्याला गॅस करायला आंबटपणा लागतो. जुन्या पाकिटात तो कोकोतच होता, या पाकिटात नाही, आणि माझ्या कृतीत ताक, दही काहीच नव्हतं. म्हणजे सोडा तसाच उरला, त्याचीच ती चव.

कोको बदलणार नाहीये, रंग फार सुंदर आलाय. दही घालेन आणि सोडा कमी करेन.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा केक. विचार सरळ होता, दबतोय म्हणजे पाणी जास्त आणि मैदा कमी. म्हणून मैदा १५०, गरम पाणी ६०, दुधाच्या जागी तेवढंच दही, सोडा पाव चमचा, बाकी सगळं तसंच.

फुगला तो मध्येच डोंगरासारखा फुगला आणि वरून चरचरून फाटला. ठोकळा ४ चा ३.९ राहिला. आकाराच्या बाबतीत उत्तम, पण खायला घशाशी अडकणारा, दुसऱ्या घासाला पाणी मागणारा. कापताना मोठमोठे ढेकूळ सुटून आले, म्हणजे दबत नाही पण कोरताही येत नाही. मला वाटत होतं कोरडा केक निदान कापायला तरी सोपा, तेही खोटं निघालं. ताईला एक तुकडा दिला, तिने अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हा टिकेल खूप दिवस, पण संपणार नाही."

एक चांगलं काम केलं, टिन ओव्हनमध्ये जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर वजन केलं. पहिल्या केकचं वजन साधारण नऊ टक्के घटलं होतं, याचं तेरा टक्के. म्हणजे मी पाणी घातलंही कमी आणि ओव्हनमध्ये उडवलंही जास्त.

१२ फेब्रुवारी

ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर आणला. बटण १७५ वर, आत १९०. म्हणजे तो डोंगर आणि ती भेग नुसत्या मैद्यामुळे नव्हती. आच जास्त असली की कडा आधी शिजून घट्ट होतात, मधलं मिश्रण अजून पातळ असतं, त्याला बाजूला जायला जागा नाही मग ते वर उसळतं आणि वरची साय फोडून बाहेर येतं. पुढचा केक खऱ्या १६० वर.

आज संध्याकाळी बसून प्रत्येक जिन्नस काय काम करतो ते कागदावर लिहिलं आणि माझी चूक कुठे होती ते दिसलं. मी ओलावा म्हणजे पाणी असं धरून चालले होते. पण तेल हे पाणी नाहीये आणि तरी तेलाचा केक ओला लागतो, कारण तेल घरातल्या तापमानाला पातळच राहतं आणि जिभेला तेच ओलं वाटतं. बटर गार झालं की घट्ट होतं, म्हणून बटरचा केक नीट उभा राहतो, पण फ्रिजमधून काढून लगेच खाल्ला तर कोरडा वाटतो, जरी त्यातलं पाणी कुठेच गेलेलं नसलं तरी. साखर पाणी धरून ठेवते, आणि त्याचबरोबर अंडं आणि स्टार्च घट्ट व्हायला उशीर लावते, साखर जितकी जास्त तितकं जास्त तापमान लागतं. माझ्या पहिल्या केकात साखर मैद्याच्या जवळजवळ दुप्पट होती. तो फुगला, गॅस भरला, पण भिंती पक्क्या होईपर्यंत गॅस निघून गेला, म्हणून बसला. शिवाय सोडाही जास्तच होता.

आणि भिंती कशाच्या, तर अंडं आणि शिजलेला स्टार्च. मी एकच अंडं घालून सगळा भार मैद्यावर टाकला होता, आणि मैदा वाढवला की तो आणि कोको मिळून पाणी शोषतात, कोको तर फारच शोषतो. म्हणून पुढच्या केकात मैदा वाढवायचा नाही, अंडं वाढवायचं, साखर कमी करायची, आणि तेलातलं थोडं बटरला द्यायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिसरा. मैदा १३०, कोको ३५, साखर १६५, बटर ४५, तेल ३०, अंडी दोन, दही १००, गरम कॉफी ८०, सोडा पाव चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ पाव चमचा. कोको आधी गरम कॉफीत कालवून दहा मिनिटं ठेवला, गुठळ्या मोडतात आणि वास एकदम उघडतो. कॉफीची चव वेगळी लागत नाही, चॉकलेटच जास्त चॉकलेट लागतं.

मैदा घातल्यावर स्पॅट्युलाने फक्त पांढरं दिसेनासं होईपर्यंत फिरवलं. गेल्या वेळी मी व्हिस्कने बराच वेळ फेटलं होतं, त्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि जाळीत उभे बोगदे पडतात, दुसऱ्या केकच्या कापात ते स्पष्ट दिसत होते.

१६० वर ५८ मिनिटं. टूथपिकवर विसंबले नाही, मधोमध प्रोब थर्मामीटर घातला, ९७ आलं की काढला. टूथपिक ९२ लाही जवळजवळ स्वच्छ येत होती! पहिल्या केकच्या वेळी मी नुसत्या टूथपिकवर काढला होता, तोही कदाचित दोनचार मिनिटं आधीच निघाला असेल.

बाहेर काढल्यावर कान जवळ नेला तर आत बारीक चुरचुर ऐकू येत होती, ती थांबेपर्यंत टिनमध्येच ठेवला, साधारण पंधरा मिनिटं, मग जाळीवर उलटा. बटर पेपर सोलताना तळाचा एकही कण निघाला नाही.

ठोकळा ३.४. वजनातली घट नऊ टक्के. आणि चव, खरंच सांगते, पहिल्या केकइतकी ओली नाही पण त्याच्या अगदी शेजारची. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो, पहिल्याला खळगा तसाच राहायचा.

पण कोरायला घेतला तेव्हा अडचण. बॉयलरसाठी गोलाई द्यायची तर कड घरंगळते, बारीक चुरा सुटतो, गोल न होता पायऱ्या पायऱ्या होतात. उरलेला अर्धा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलाय, उद्या बघते.

१७ फेब्रुवारी

रात्रभरात दुसराच केक झालाय. दातेरी सुरीने कापला, काप आरशासारखा गुळगुळीत, चुरा जेमतेम चिमूटभर. गोलाई एका बाजूने छान आली, दुसऱ्या बाजूला थोडी फाटली. ताईने गारच खाल्ला आणि म्हणाली कालच्यापेक्षा कोरडा झालाय. तोच तुकडा बाहेर ठेवून दोन तासांनी परत दिला तर म्हणाली हा वेगळा आहे का. तोच होता.

हे लिहून ठेवायलाच हवं : कोरायचा गार, खायचा घरातल्या तापमानाला. फ्रिजमध्ये दोनतीन दिवस मात्र ठेवायचा नाही, त्या गारव्यात स्टार्च लवकर शिळा होतो, पाव होतो तसाच. एक रात्र ठीक, जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझर बरा.

२० फेब्रुवारी

३.४ ला अजून थोडा आधार हवा आणि गोलाईची कड धरून राहायला हवी. अंडं अजून वाढवलं तर ऑम्लेटचा वास येईल. बटर वाढवून तेल काढलं तर खाताना जड.

मग सुचलं, कोकोच्या पावडरीत फॅट थोडंच असतं, साधारण दहा ते बावीस टक्के, पण डार्क चॉकलेट वितळवून घातलं तर कोको बटर भरपूर जाईल. कोको बटर घरातल्या तापमानाला कडक असतं आणि साधारण ३४ डिग्रीला वितळतं, म्हणजे तोंडात. बाहेर उभा राहील आणि तोंडात विरघळेल, मला दुसरं काय हवंय. मड केक उंच रचायला आणि कोरायला इतका वापरतात त्याचं कारण हेच असणार, त्यात चॉकलेट आणि बटर दोन्ही भरपूर असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौथा. मैदा १३०, कोको २५, डार्क चॉकलेट ६०, साखर १५० (चॉकलेटमध्ये आहेच), बटर ४०, तेल ३०, अंडी दोन, दही १००, कॉफी ८०, सोडा, पावडर, मीठ तसंच. बटर, चॉकलेट आणि कोको गरम कॉफीत एकत्र वितळवले, तेल घातलं, कोमट झाल्यावर साखर, दही, अंडी, शेवटी मैदा चाळून. बटर आणि साखर फेसली नाही मुद्दामच, फेसलं की हवा जास्त भरते, जाळी मोठी होते, आणि कोरायला जाळी बारीक हवी.

टिनला बाहेरून ओल्या टॉवेलची पट्टी गुंडाळली. जुना टॉवेल फाडला, चार पदरी घडी घातली, पूर्ण भिजवून पिळला आणि टिनभोवती पिनेने घट्ट लावला. ओल्या कापडामुळे टिनच्या भिंती उशिरा तापतात, कडा आणि मध्य बरोबरीने शिजतात. वरचा पृष्ठभाग टेबलासारखा सपाट आला, कापून टाकावं असं काही उरलंच नाही, गेल्या वेळी वरचा जवळजवळ सेंमीभर वाया गेला होता.

१६० वर ६६ मिनिटं, मधलं तापमान ९७. घट साडेआठ टक्के.

ठोकळा ३.७!

रात्री अकराला मापपट्टी घेऊन तीन वेळा मोजला. आणि साखरेची पिशवी काढल्यावर तो तुकडा खाल्ला, तासभर अर्धा किलो अंगावर घेऊनही आत ओला, बोटाला लागेल इतका.

२ मार्च, रविवार

रंगीत तालीम. दोन केक काल केले, रात्रभर फ्रिजमध्ये, आज सकाळी कोरायच्या आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये. कागदाचे साचे कापून टूथपिकने केकवर लावले, पुढून बॉयलरचं गोल, बाजूने लांबी. आधी चौकोनी ठोकळा, मग चारही कडा तिरक्या उडवून अष्टकोन, मग अष्टकोनाच्या कडा, असं करत गोल. एकदम गोल कापायला गेलं की सुरी आत घुसते. एका वेळी पातळ काप काढायचे, गेलेला तुकडा परत चिकटत नाही.

केबिन मात्र घसरली. दुपारी लावली, चारच्या सुमाराला एका बाजूला झुकली, पाचला पूर्ण सरकली. केक नव्हता दबलेला, मोजला, जसाच्या तसा. चूक मधल्या थराची, मी क्रीम आणि चॉकलेट समसमान घेऊन केलेलं गनाश बोटभर जाड लावलं होतं, ते घरातल्या उबेत मऊ झालं आणि त्यावरून केबिन घसरगुंडी खेळली.

दुरुस्ती : मधल्या थरासाठीही घट्ट गनाश, म्हणजे डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग वजनाने, आणि जाडी फक्त तीन मिलीमीटर. केबिनखाली पातळ पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली केकमध्ये चार जाड स्ट्रॉ उभे खुपसायचे, बरोब्बर उंचीला कापून. मग केबिनचं वजन केकवर येत नाही, स्ट्रॉवरून थेट खालच्या फळीवर जातं. इतके रविवार मी केकला वजन पेलायला शिकवलं आणि शेवटी वजन दुसऱ्यावर दिलं असं वाटलं क्षणभर, पण नाही, स्ट्रॉभोवती केक चिरत नाही, सैल होत नाही, तो धरून ठेवतो हे त्या जाळीमुळेच. पहिल्या केकात स्ट्रॉ खुपसून बघितला असता तर भोक मोठं होत गेलं असतं.

पाकाचाही प्रयोग केला, साखर पाणी समप्रमाण. एका थराला ब्रशने फक्त २० ग्रॅम, दुसऱ्याला ६०. वीसचा उत्तम. साठचा तळाशी पचपचीत झाला. या केकला पाक लागतच नाही खरं तर, कापलेल्या बाजू उघड्या राहतात तेवढ्यापुरता पुसट हात फिरवायचा.

६ मार्च, गुरुवार

तीन केक, एकामागून एक. ओव्हनमध्ये एका वेळी एकच ठेवते, दोन ठेवले की मागचा जास्त शिजतो. पण मिश्रण तिन्हींचं एकदम करायचं नाही, सोडा ओला झाला की लगेच कामाला लागतो, थांबलेलं मिश्रण कमी फुगतं. त्यामुळे रात्रीचा एक वाजला. तापमान ९७, ९७, ९८. कोमट असतानाच गुंडाळले तर आत वाफेचं पाणी सुटतं, म्हणून पूर्ण गार होईपर्यंत जागले.

घट्ट गनाशही आत्ताच करून झाकून बाहेर ठेवलंय, ६०० ग्रॅम चॉकलेट, ३०० क्रीम. उद्यापर्यंत सुरीने पसरवता येईल असं होईल.

७ मार्च

सकाळी कोरला. बॉयलर दोन तासांत झाला, हात बसलाय आता. गनाशचा पहिला अगदी पातळ हात, चुरा बसवायला, वीस मिनिटं फ्रिज, मग दुसरा जाड हात आणि गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने गुळगुळीत. बाहेरचं गनाश घट्ट झालं की केकभोवती कवचच होतं, आकारही धरतं आणि ओलावाही बाहेर जाऊ देत नाही.

धुराड्यासाठी कोरताना निघालेला चुरा आणि थोडं गनाश मळून लाडवासारखा गोळा केला आणि वळून नळी केली. चाकं बिस्किटांची.

दुपारी भाचा येऊन बघून गेला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मावशी, याला ड्रायव्हर कुठून चढणार?" खरंच की, केबिनला पायरीच नाहीये. चुऱ्याच्या उरलेल्या गोळ्यातून दोन पायऱ्या केल्या.

८ मार्च, शनिवार

सकाळी फ्रिजमधून काढला, कापायच्या चार तास आधी. कवच असल्याने आतपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो, दोन तास पुरत नाहीत. गाडीतून नेताना फळीखाली घसरू नये म्हणून ओलं फडकं अंथरलं.

पोचल्यावर पहिलं काम केबिन मोजली. फळीपासून छपरापर्यंत काल १९ सेंमी, आज १९.

भाच्याने धुराड्यापासून कापायला सुरुवात केली, मी बॉयलरचे आडवे गोल काप काढले, प्रत्येक कापाला बाहेर गडद काळी कड आणि आत बारीक जाळी, ताटात आडवा न पडता उभा राहणारा. मी कोपऱ्यात उभी राहून ताटांकडेच बघत होते. आयसिंग खाऊन केक टाकलेलं एक ताट होतं, त्या मुलीला चॉकलेटच आवडत नाही असं तिच्या आईने सांगितलं. बाकी सगळी पुसून घेतलेली.

९ मार्च, रविवार

केबिनचा मागचा कोपरा उरला होता, डब्यात झाकून बाहेरच ठेवला होता. आज दुपारी त्यातून ४ सेंमीचा ठोकळा कापला, साखरेची पिशवी, तासभर. ३.७. अजून ओला आहे. ताईने कृती मागितलीये, तिला चौथ्या केकची मापं पाठवली आणि खाली लिहिलं की आधी ओव्हनचं खरं तापमान बघ.